ओलसर भिंत बोर्डमागे झाकली की काय होतं? ब्रिटनमधल्या हजारो घरांत घडलेली चूक आणि आपल्या फ्लॅटमधली भिंत

पावसाळा संपत आला की सोशल मीडियावर एका ठरावीक प्रकारचे व्हिडिओ फिरू लागतात. पहिल्या दृश्यात पोपडे आलेली, खालच्या बाजूला काळपट डाग पडलेली भिंत. मग दोन कारागीर, पत्र्याचे चॅनल, पांढरे बोर्ड, ड्रिल मशीनचा आवाज. अर्ध्या मिनिटात भिंत गुळगुळीत होते, तिच्यावर टीव्ही चढतो आणि मागे पिवळसर एलईडी पट्टी लागते. खाली कमेंटमध्ये लोक विचारतात, 'दादा, स्क्वेअर फुटाचा रेट काय?' ओल कुठून येत होती, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

हाच प्रश्न पुरेसा न विचारता ब्रिटनमध्ये चक्क सरकारी योजनांमधून हजारो घरांच्या भिंती झाकल्या गेल्या. त्याचा हिशेब ऑक्टोबर २०२५ मध्ये समोर आला. ब्रिटनची थंडी वेगळी, आपला पाऊस वेगळा, हे खरंच. पण विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर बोर्ड बसवल्यावर त्यामागे काय घडतं, हे समजून घ्यायला ब्रिटनच्या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण सध्या दुसरं नाही.

ब्रिटनमध्ये नेमकं काय झालं?

वीजबिल आणि गॅसबिल कमी व्हावं, गरीब कुटुंबांची घरं उबदार राहावीत, यासाठी ब्रिटनमध्ये दोन योजना सुरू होत्या. एक 'एनर्जी कंपनी ऑब्लिगेशन'चा चौथा टप्पा. हा २०२२ मध्ये सुरू झाला. दुसरी 'ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम', २०२३ पासूनची. वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या घरांत उष्णतारोधक काम करून द्यायचं, त्याचा खर्च शेवटी सगळ्यांच्या बिलांतून वसूल व्हायचा, अशी ही रचना होती.

यातलं एक मोठं काम म्हणजे जुन्या घरांच्या भरीव विटांच्या भिंतींना उष्णतारोधक थर लावणं. तो बाहेरून लावता येतो किंवा आतून. आतून लावताना बहुतेक वेळा विटेच्या भिंतीवर फोम आणि त्यावर जिप्सम बोर्ड, किंवा दोन्ही एकत्र चिकटवलेला तयार बोर्ड बसवला जातो.

जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने निकृष्ट कामाबद्दल ३९ कंपन्यांना हे काम करण्यापासून निलंबित केलं. त्यानंतर नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे आपल्याकडच्या कॅगसारख्या संस्थेने, ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. बाहेरून थर लावलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत, म्हणजे अंदाजे २२ ते २३ हजार घरांत, दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष होते. आतून थर लावलेल्या घरांमध्ये हे प्रमाण २९ टक्के होतं, म्हणजे ९ ते १३ हजार घरं. काही घरांत तर रहिवाशांच्या जिवालाच तातडीचा धोका होता. कुठे विजेच्या जिवंत तारा उघड्या राहिल्या होत्या, कुठे बॉयलरची हवा जाण्याची वाट बुजवली होती.

कारणं म्हणून अहवालात ज्या गोष्टी आल्या, त्या वाचताना मराठी वाचकाला अजिबात परकं वाटणार नाही. काम एकाने घ्यायचं आणि उपकंत्राटावर दुसऱ्याकडून करवून घ्यायचं. प्रशिक्षित कारागिरांची कमतरता. कोणत्या कामाला नेमका कोणता निकष लागू, याचा गोंधळ. आणि वेळ-पैसा वाचवण्यासाठी मारलेले शॉर्टकट. भर म्हणजे खोटे दावे. काही हजार घरांच्या बाबतीत कंपन्यांनी बनावट दावे करून पैसे उचलले असावेत, असा तिथल्या ऊर्जा नियामकाचाच अंदाज आहे.

त्याच महिन्यात, २७ ऑक्टोबर २०२५ रोजी, इंग्लंडमध्ये 'अवाबचा कायदा' लागू झाला. अवाब इशाक हा रॉचडेल शहरातला दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्युचौकशीत निघाला. त्याच्या कुटुंबाने घरमालक संस्थेकडे बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांना त्यावर रंग मारायला सांगण्यात आलं होतं. आता सामाजिक गृहनिर्माणातल्या घरात धोकादायक ओल-बुरशीची तक्रार आली की १० कामकाजी दिवसांत तपासणी आणि तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई करणं घरमालक संस्थेला बंधनकारक आहे.

म्हणजे एकाच महिन्यात एक सरकारी अहवाल सांगत होता की भिंती घाईने झाकल्या गेल्या, आणि एक नवा कायदा सांगत होता की ओल झाकून चालणार नाही.

आधी हा बोर्ड म्हणजे काय ते पाहू

अमेरिकेत याला 'ड्रायवॉल' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'प्लास्टरबोर्ड', आपल्याकडे जिप्सम बोर्ड. फॉल्स सीलिंगमुळे तो आता गावोगावच्या दुकानदारांना माहीत झाला आहे. मधे जिप्समचा थर, दोन्ही बाजूंना जाड कागद. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये याच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं. 'ड्राय' हा शब्द आला तो ओल्या गिलाव्याच्या तुलनेत. गिलावा केला की पाणी मारा, सुकू द्या, मग पुट्टी, मग रंग. बोर्डला यातलं पाणी मारणं आणि वाट पाहणं लागत नाही.

जिप्सम हा दगडच, पण गमतीदार. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ बोर्डच्या मागची बाजू तापत नाही. आगीच्या बाबतीत हा बोर्ड चांगला समजला जातो तो यामुळे. भारतात जिप्समचं जवळपास सगळं खाणकाम राजस्थानात होतं.

पण हाच बोर्ड बाहेरच्या पाण्यापुढे दुबळा आहे. भिजला की मऊ पडतो, वजन पेलत नाही, आणि कागद म्हणजे बुरशीला आयतं खाद्य. बाजारात हिरव्या रंगाचा 'मॉइश्चर रेझिस्टंट' बोर्ड मिळतो. त्यामुळे अनेकांचा गैरसमज होतो. तो दमट हवेला जास्त तोंड देतो, अधूनमधून येणारी आर्द्रता सहन करतो. मागून झिरपणाऱ्या पाण्यासमोर तोही टिकत नाही. ओलसर भिंतीवर 'हिरवा बोर्ड लावू, काही होणार नाही' असं कुणी म्हणत असेल, तर ते चूक आहे.

भिंतीवर बोर्ड लावतात कसा?

विटेवर, काँक्रीटवर किंवा ब्लॉकवर बोर्ड लावायच्या ढोबळमानाने तीन रीती आहेत.

पहिली, थेट चिकटवायचा. भिंतीवर जिप्समच्याच चिकट मिश्रणाचे गोळे ठरावीक अंतरावर मारायचे आणि बोर्ड दाबून ओळंब्यात आणायचा. ब्रिटनमध्ये याला 'डॉट अँड डॅब' म्हणतात. जागा कमी जाते, जेमतेम एक इंच. काम झटपट होतं. मात्र भिंत ओलसर असेल तर हेच गोळे ओलीला पूल बांधून देतात, आणि रंगवलेल्या भिंतीवर काही महिन्यांनी गोल गोल डाग उमटतात. शिवाय गोळ्यांच्या मधल्या पोकळीतून हवा खेळत राहते. म्हणून बोर्डच्या चारही कडांना मिश्रणाची सलग रेघ मारायची असते. ही रेघ घाईत सुटते, आणि वरून बघणाऱ्याला ती सुटली आहे हे कधीच कळत नाही.

दुसरी रीत, भिंतीला लाकडी पट्ट्या किंवा पत्र्याचे चॅनल ठोकून त्यावर बोर्ड स्क्रूने बसवायचा. आपल्याकडे सर्वाधिक चालते ती हीच. इथे प्रश्न चॅनल कशाला ठोकला याचा येतो. विटेच्या भिंतीत गिट्टी सांध्यात बसली तर सैल राहते, विटेत बसली तर धरते. एएसी ब्लॉक म्हणजे हलके, सच्छिद्र ब्लॉक. त्यात साधी गिट्टी फिरतच राहते, त्यासाठी वेगळे अँकर लागतात. आणि मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरमध्ये ज्याला लोक 'मायवान' म्हणतात, त्या पद्धतीत अख्खी भिंतच काँक्रीटची ओतलेली असते आणि विजेचे पाइप त्या ओतकामातच गाडलेले असतात. तिथे नकाशा न बघता ड्रिल मारणं म्हणजे नशिबाची परीक्षा.

तिसरी रीत, भिंतीपासून थोडं अंतर सोडून जमिनीत आणि छतात चॅनल बसवायचे आणि स्वतंत्र सांगाडा उभा करायचा. भिंतीला तो टेकतच नाही. महागडी रीत, आणि दोन-तीन इंच जागा खाणारी. १२ फूट लांबीच्या एका भिंतीला तीन इंच गेले तर तीन चौरस फूट गेले. जिथे चौरस फुटाचा भाव २० हजार आहे तिथे हे ६० हजार रुपये झाले. त्यामुळे मुंबईत ही रीत कुणी सुचवली तरी घरमालक मान हलवत नाही, यात नवल नाही. पण ओलीचा जराही संशय असेल तेव्हा तिन्हींमध्ये त्यातल्या त्यात बरी ती हीच, कारण भिंत आणि बोर्ड यांच्यात ओल पोचवणारा दुवा कमीत कमी राहतो.

तिन्ही रीतींत एक गोष्ट सारखी. बोर्ड जमिनीला टेकवायचा नाही, खाली बोटभर फट ठेवायची आणि ती स्कर्टिंगने झाकायची. नाहीतर फरशी पुसताना सांडलेलं पाणी दिव्याच्या वातीसारखं वर चढतं.

मग बोर्डमागे बुरशी येते कुठून?

ब्रिटनच्या घरांचं दुखणं समजून घ्यायचं तर 'दवबिंदू' ही एक कल्पना पुरे. हवेत बाष्प असतं. हवा एका ठरावीक तापमानापर्यंत थंड झाली की त्या बाष्पाचं पाणी होतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब जमतात, तेच.

ब्रिटिश घरात हिवाळ्यात आतलं तापमान २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के धरली, तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे घरातली जी जागा १२ अंशांपेक्षा थंड, तिथे पाणी सुटणार. उष्णतारोधक थर लावण्याआधी घरातली ऊब विटेपर्यंत पोचत होती, वीट थोडी तरी कोमट राहत होती. आतून फोम आणि बोर्ड लावल्यावर खोली उबदार झाली, पण तीच वीट आता पूर्वीपेक्षा जास्त गार पडली. मग बोर्डच्या सांध्यातून, स्विचबोर्डच्या भोकातून, खालच्या फटीतून खोलीतली बाष्पभरली हवा मागे शिरली की गार विटेवर तिचं पाणी होतं. रोज थोडं थोडं, अंधारात, कुणाला न दिसता.

त्यात या घरांचं वय. ब्रिटनमध्ये दोन पदरी, मधे पोकळी असलेल्या भिंती सर्रास झाल्या त्या १९२० नंतर. त्याआधीची लाखो घरं भरीव विटांची, चुन्यात बांधलेली. अशी भिंत पावसात पाणी पिते आणि ऊन-वारा मिळाला की सोडते. घरातली ऊबही तिला सुकवायला मदत करत होती. आतून झाकल्यावर ती मदत थांबली. अशा घरांत लाकडी तुळयांची टोकं भिंतीत खुपसलेली असतात. वीट कायम ओलसर राहिली की ही टोकं कुजायला लागतात, आणि मग मामला बुरशीच्या डागापुरता राहत नाही.

बोर्ड लावणं हीच चूक होती, असा याचा अर्थ काढणं मात्र घाईचं ठरेल. आतून काम झालेल्या ज्या घरांत मोठे दोष आढळले नाहीत, ती बहुसंख्य आहेत, हे वरच्या आकड्यांतच दिसतं. जिथे काम बिघडलं तिथे सरकारने सांगितलेले दोष म्हणजे अपुरी हवा खेळती ठेवणं, उष्णतारोधक थर मधेच नसणं किंवा उघडा राहणं. घर बंदिस्त केलं, पण स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली वाफ बाहेर काढणारा पंखा बसवला नाही, तर ती वाफ जाणार कुठे?

महाराष्ट्रात गणित उलटं आहे

इथे सोशल मीडियावरचे परदेशी व्हिडिओ घात करतात. अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या तळघराचा व्हिडिओ बघून कुणी बोर्डच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद लावायला सांगतो. थंड प्रदेशात बाष्प आतून बाहेर जातं म्हणून तिथे आतल्या बाजूला अडवण्याला काही अर्थ आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जूनपासून चित्र वेगळं असतं. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. आत एसी २३-२४ वर चालू असेल तर आतल्या बाजूचा बोर्ड दवबिंदूपेक्षा थंड. बाष्प बाहेरून आत यायला बघतं आणि बोर्डच्या मागे अडकतं. त्या बोर्डवर व्हिनाइलचा वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनल असेल तर ते खोलीत येऊन सुकण्याचाही मार्ग बंद. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दमट राज्यांत एसी हॉटेलांमध्ये व्हिनाइल वॉलपेपरच्या मागे बुरशी माजण्याचा हा प्रकार इमारतशास्त्रात जुना आणि प्रसिद्ध आहे.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बहुतेक भिंतींचा प्रश्न बाष्पापर्यंत पोचतच नाही. आपला शत्रू साधा आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जिथे पडतो, त्या मुंबईत बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी तडा पुरते. शेजारच्या फ्लॅटच्या बाथरूमचा सांधा, वरच्या मजल्यावरचं गळकं पाइप, खिडकीच्या चौकटीखालची फट, गच्चीचं निघालेलं वॉटरप्रूफिंग, तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या, म्हणजे चिऱ्याच्या, जुन्या घरांत तर दगडच सच्छिद्र. तो ब्रिटनच्या विटेसारखाच पाणी पितो आणि सोडतो. या सगळ्यांत पाणी पाण्याच्या रूपातच येतं. बोर्ड लावल्याने त्यातला एक थेंबही थांबत नाही. भिंतीला खार फुटत असतो तो फुटतच राहतो, फक्त आता तो दिसत नाही.

आणि वाळवी. आपल्याकडे चॅनलऐवजी अजूनही प्लायवूडच्या किंवा साध्या लाकडाच्या पट्ट्या वापरल्या जातात. ओलसर भिंत, अंधारी पोकळी, लाकूड आणि कागद, इतकी सोय वाळवीला दुसरीकडे कुठे मिळणार?

झाकलेल्या भिंतीचा कायदेशीर हिशेब

घर सजवताना याचा विचार सहसा होत नाही, पण पैशांच्या दृष्टीने कदाचित सगळ्यात महाग पडणारी बाजू हीच आहे.

समजा फ्लॅट नवा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. भिंतीतून येणारं पाणी हा अशाच तक्रारींचा नेहमीचा विषय. भिंत बोर्डने झाकली तर एक तर ओल पाच वर्षांत लक्षात येत नाही. लक्षात आलीच, तर 'तुम्हीच भिंतीला शंभर भोकं पाडलीत' हे उत्तर बिल्डरच्या हाती आयतं लागतं.

फ्लॅट जुना, सोसायटीचा असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकच्या गळतीचा खर्च सभासदाचा. म्हणजे ओल कुठून येते, यावर पैसे कुणाच्या खिशातून जाणार हे ठरतं. भिंतीवर दोन लाखांचं पॅनेलिंग करून बसलेला सभासद स्वतःच्या खिशातून खर्च करून मोकळा झालेला असतो, मूळ गळती तशीच ठेवून. तीच गळती खालच्या मजल्यावर उतरली की भांडण वेगळं.

त्याहून गंभीर म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना ते करून घ्यावं लागतं. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींनी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांनी तीन वर्षांतून एकदा ते करणं अपेक्षित आहे. अभियंता घरोघरी फिरून कॉलम, बीम आणि स्लॅबच्या खालची बाजू बघतो. काँक्रीटमधली सळई गंजली की गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडतो. उभी तडा, सुटलेला गिलावा, गंजाचा तपकिरी ओघळ, ही त्याची पहिली लक्षणं. हॉलमधला कॉलम बोर्डमध्ये गुंडाळलेला असेल तर त्याला दिसणार काय? बोर्ड काढू देणारा सभासद विरळाच. समुद्रकाठच्या शहरात, खारट हवेत, कॉलम झाकणं हा इंटिरियरचा निर्णय मानला जातो. खरं तर तो सगळ्या इमारतीशी संबंधित निर्णय आहे आणि त्याबद्दल सोसायटीला विचारायला हवं.

बोर्ड लावायचाच असेल तर?

लावू नये असं कुणाचंच म्हणणं नाही. कोरड्या भिंतीवर बोर्ड ही उत्तम सोय आहे. वाकडी भिंत सरळ होते, वायरी आणि पाइप फोडाफोड न करता लपतात, मागे रॉकवूल भरली तर शेजारच्या टीव्हीचा आवाजही बराच कमी होतो. पश्चिमेकडच्या तापणाऱ्या भिंतीला उष्णतारोधक थर देता येतो. पीव्हीसी पॅनलशी तुलना केली तर आगीच्या दृष्टीनेही जिप्सम कितीतरी बरा, कारण जळणाऱ्या पीव्हीसीतून घातक आम्लधारी वायू निघतो.

प्रश्न फक्त भिंत कोरडी आहे की नाही, हे ठरवण्याचा. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन चारही कडांना टेप मारून भिंतीवर घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढे, खोलीच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतून येतंय आणि औषध वायुवीजनाचं आहे. ही परीक्षा एप्रिलमध्ये करून काहीच कळत नाही, कारण एप्रिलमध्ये महाराष्ट्रातली जवळपास प्रत्येक भिंत कोरडी असते. ती करायची जुलै-ऑगस्टमध्ये, सलग चार-पाच दिवस पाऊस झाल्यावर. त्यामुळेच दिवाळीआधी घाईने काम उरकण्यापेक्षा एक अख्खा पावसाळा भिंत उघडी ठेवून बघणं शहाणपणाचं. इंटिरियरवाल्याला हे पटणार नाही, कारण त्याचा हंगामच दिवाळीचा असतो.

पाणी येतंय असं दिसलं तर आधी बाहेरची बाजू. तडा भरणं, बाहेरचा गिलावा, खिडकीची कड, बाथरूमचे सांधे. आतून 'डॅम्पप्रूफ' रंगाचे दोन हात मारून बोर्ड चढवणं हा उपाय नाही. बाहेरून येणारं पाणी आतल्या रंगापाशी अडलं की बाजूला सरकून दुसरीकडे फुटतं. दुरुस्तीनंतर भिंत सुकायला काही आठवडे द्यावे लागतात. सैल गिलावा, जुने पोपडे आणि बुरशी पूर्ण खरवडून काढावी लागते. मग चॅनल पत्र्याचे, गंजरोधक लेप असलेले. बोर्ड १२.५ मिलिमीटरचा, भारतीय मानक आयएस २०९५ चा शिक्का असलेला. टीव्ही किंवा कपाट टांगायचं असेल तिथे बोर्डच्या मागे आधीच आधार, कारण बोर्ड स्वतः वजन पेलायला बनलेला नाही. स्विचबोर्डचे डबे बोर्डच्या पातळीपर्यंत पुढे आणायचे, वायरींचे जोड मागे पोकळीत लोंबत सोडायचे नाहीत. ब्रिटनच्या अहवालातल्या जिवंत तारा आठवाव्यात. जिथे पाइपचा जोड, व्हॉल्व्ह किंवा कॉलम आहे तिथे उघडता येईल असं झाकण ठेवायचं. यासाठी कारागिराचा तासभर जास्त जातो.

ज्यांच्या घरात आधीच बोर्ड लागलेला आहे, त्यांना पावसाळ्यात कुबट वास, स्कर्टिंगजवळ फुगलेला रंग, बोट दाबल्यावर मऊ लागणारी कड, किंवा एकाच भिंतीजवळ वाढणारा सर्दी-दम्याचा त्रास, यांपैकी काही जाणवत असेल तर अख्खी भिंत फोडायची गरज नसते. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा चौकोन कापून टॉर्च मारला की मागचं चित्र कळतं, आणि तो चौकोन नंतर टेप-पुट्टीने बुजवता येतो.

नवं काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. बोर्ड चढवण्याच्या आदल्या दिवशी उघड्या भिंतीचे फोटो काढून ठेवावेत, मीटरटेप लावून, तडा, पाइप आणि वायरी कुठे आहेत हे दिसेल असे. तारखेसह एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्यावी. पुढे बिल्डरशी, सोसायटीशी किंवा शेजाऱ्याशी वाद झालाच, तर भिंतीची त्या दिवसाची अवस्था दाखवणारा दुसरा पुरावा सहसा उरलेला नसतो.